वाड्यातली जुनी गाडी: आधी कागद, शेवटी रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानदेशात सध्या जुन्या वाड्यांच्या वाटण्या होत आहेत, जागा मोकळ्या होत आहेत. अमळनेर, चोपडा, धरणगाव, शहादा, शिरपूर, कुठेही पाहा. कापसाच्या किंवा केळीच्या चांगल्या वर्षात घेतलेली एखादी फियाट, ॲम्बेसेडर नाही तर जीप मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. वाटणीत तिला कोणी धनी नसतो. मग एक तर भंगारवाला ती वजनावर नेतो, नाही तर घरातला एखादा हौशी मुलगा ती गॅरेजला लावतो. मिस्त्री दोन दिवसांत गाडी खोलून मोकळा होतो. वर्षभराने इंजिन एका लेथवर, दरवाजे भलत्याच डेंटरकडे आणि काचा कुणाच्या तरी माळ्यावर अशी तिची गत होते. ही दुसरी गत मला जास्त वाईट वाटते, कारण खोलून अर्धवट टाकलेली गाडी पुन्हा कोणी हातात घेत नाही.

पैसा कमी पडला, असे लोक सांगतात. मला मात्र बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम चुकलेला दिसतो. आपल्याकडे आधी रंग, मग इंजिन, मग ब्रेक, जमले तर खालचा पत्रा आणि सगळ्यात शेवटी कागद, अशी रीत पडली आहे. ती जशीच्या तशी उलटी केली पाहिजे. याबद्दल जरा तपशिलाने लिहितो. जागा द्यावी ही विनंती.

गाडीला पाना लावण्याआधी आरसी बुक शोधावे. ते बहुधा आजोबांच्या नावावर असते आणि वारस पाच-सहा असतात. मालकाच्या निधनानंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती. आरसी हरवले असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागावी. नोंदणीची मुदत संपलेलीच असते, तिच्या नूतनीकरणाला फॉर्म २५. एमएच-१८, एमएच-१९ हे नंबर १९८९ नंतरचे. त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्यांची नोंद पुष्कळदा कार्यालयाच्या जुन्या रजिस्टरातच राहिलेली असते, संगणकावर आलेली नसते. ती चढवून घेण्यात बराच काळ जातो. तेवढ्यात पत्र्याचे काम होऊ शकते, म्हणूनच कागद आधी.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कोरलेली जागा रॉकेलच्या फडक्याने पुसून त्यावर कागद धरावा, पेन्सिल फिरवून छाप घ्यावा आणि आरसीशी ताडून पाहावा. पुढे ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग करणाऱ्याला त्या जागेवर जाड चिकटपट्टी लावूनच गाडी द्यावी. नंबर घासला गेला की गाडी कितीही चांगली झाली तरी कागदावर ती उरत नाही. ब्लॉक बदललेला निघाला तर तेव्हाच चौकशी करावी, रंग झाल्यावर नव्हे.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद आली आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. आधीची नोंदणी असेल तर मूळ नंबर कायम ठेवता येतो. नव्याने नोंदणी करायची झाली तर शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात व्हीए ही अक्षरे. नंतर दर ५ वर्षांच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. लग्नाच्या वराती भाड्याने मारू, असा हिशेब कोणी करत असेल तर तो इथेच थांबवावा. मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याची आपल्याकडची जुनी सवयही इथे आड येते. म्हणून गाडी विंटेज म्हणून ठेवायची की साधे नूतनीकरण करून घरच्या वापराला आणायची, हे पहिल्याच आठवड्यात ठरवावे. त्यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.

शेडमधून गाडी बाहेर काढण्याच्या दिवशी सर्वांत जास्त मोडतोड होते. बंपरला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढतात. आत ब्रेकचे शू ड्रमला गंजाने चिकटलेले असतात, चाक फिरत नाही, मग बंपरचे ब्रॅकेट तरी वाकते किंवा पुढच्या बाजूचा कुजका पत्रा तरी फाटतो. आधी चारही टायरांत हवा भरून ती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते का बघावे. हँडब्रेकची केबल सैल करावी, ड्रममागचा ॲडजस्टर मागे फिरवावा, ड्रमला भोवताली लाकडी हातोड्याने टोले द्यावेत. चाके हाताने फिरू लागली की दोर ॲक्सलला बांधावा आणि गाडी सरळ टेम्पोवर चढवावी. रस्त्याने ओढत नेऊ नये.

आणि त्या दिवशी सेल्फ मारू नये. नवी बॅटरी आणून ‘बघू चालू होते का’ म्हणणारा कोणीतरी असतोच. बंद इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला चिकटलेल्या असतात आणि एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये उघडाच अडकलेला असतो. जोर लावला की रिंग तुटते, तिचा तुकडा सिलेंडरला ओरखडा पाडतो, नाही तर पुशरॉड वाकतो. ज्या कामाला थोडे तेल आणि आठवडाभराचा धीर लागला असता, त्याला मग सिलेंडरचे बोअरिंग, म्हणजे भोक मोठे करून घासणे, लागते.

रीत अशी: प्लग काढावेत, प्रत्येक सिलेंडरमध्ये अर्धे डिझेल आणि अर्धे इंजिन ऑइल असे २५-३० मिलिलिटर सोडावे आणि आठवडाभर तसेच ठेवावे, मध्ये दोनदा पुन्हा थोडे सोडावे. नंतर प्लग न लावता पुलीच्या नटला पाना लावून हाताने, अगदी थोडे पुढे आणि थोडे मागे, असे हलवावे. टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते बघत राहावे. अडले तर तिथेच थांबून पुन्हा तेल सोडावे. चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीचे, ऑइलही काढून घ्यावे. बोल्ट सैल करताच आधी पाणी बाहेर आले तर हेड गॅस्केट किंवा ब्लॉकमध्ये दोष आहे असे समजून पुढचे काम करावे.

आता पत्रा. फियाट ११०० आणि ॲम्बेसेडर या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चेसिस नाही. तळ, दाराखालच्या पेट्या, खांब आणि छत मिळूनच सांगाडा बनतो. म्हणून दाराखालची पेटी कुजली की ते सांगाड्याचे दुखणे असते. कोकणात गाड्या खाऱ्या हवेने जातात. आपल्याकडची हवा कोरडी आहे, त्यामुळे छत आणि बोनेट बहुधा चांगले निघते. आपला शत्रू खालून येतो. काळी माती मडगार्डच्या आत, पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) ब्रॅकेटमध्ये आणि पेट्यांच्या भोकांत घट्ट बसते आणि पावसाळ्यानंतर कित्येक महिने ओल धरून ठेवते. रावेर-यावल पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. गाडीच्या शेडमध्येच केळीच्या खताची पोती रचलेली असतात. पोटॅश म्हणजे क्लोराइडचे मीठच. ओल धरली की ते लोखंड समुद्रासारखेच खाते. गोठ्याला लागून उभ्या असलेल्या गाडीचेही तसेच होते. पोती ज्या बाजूला असतात त्या बाजूचा दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जातो आणि दुसरी बाजू ठणठणीत वाजते.

तपासणीला लोहचुंबक, छोटा हातोडा आणि टोकदार स्क्रू ड्रायव्हर पुरतो. रंगावर चुंबक चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. दाराखालच्या पेट्या, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे हँगर, डिकीचा तळ, बॅटरीच्या ट्रेखाली, हेडलाइटमागची खोबण आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड, या जागा टोचून बघाव्यात. हातोड्याचा आवाज बद्द आला की खडूने खूण करावी. खडूच्या खुणांचे फोटो काढून मगच डेंटरला अंदाज विचारावा. बाहेरून बघून सांगितलेला आकडा निम्म्या कामाचाच असतो.

दाराखालची पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मि.मी. चौकोनी पाइपाचा आडवा आणि तिरपा आधार वेल्ड करून घ्यावा. गाडी सपाट फरशीवर, तिच्या स्वतःच्या चाकांवर किंवा ॲक्सलखालच्या मजबूत घोड्यांवर उभी हवी. मधोमध जॅक लावून कापाकाप केली तर गाडी कमरेत वाकते. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून भिंतीवर लिहून ठेवावेत. एका वेळी एकच बाजू कापावी. नवी पेटी आधी टाक्यांनी धरावी, दार लावून बघावे, दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी येते का ते तपासावे आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. दार मागच्या खालच्या कोपऱ्यात घासते आणि वर बोटभर फट दिसते, अशा गाड्या आपण रस्त्यावर बघतो. तिथे हे मोजमाप झालेले नसते. नंतर बिजागऱ्या ठोकून ती चूक निघत नाही.

पत्रा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला, घ्यावा. तळाला आणि पेट्यांना १८ गेज, बाहेरच्या भागाला २० गेज. जस्ताचा पत्रा स्वस्त मिळतो म्हणून वापरू नये. वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर होतो, तो अंगाला वाईट आणि जोडही पोकळ बसतो. गॅस वेल्डिंगने मोठा सपाट भाग लाटा मारतो, म्हणून सीओटू वेल्डिंगने सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे टाके लांब-लांब मारत जावे आणि मध्ये थंड होऊ द्यावे. कुजका भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून काढायचा. गंजावर पत्रा ठेवून रिव्हेट मारणे आणि वर पुट्टी थापणे हे काम दोन पावसाळ्यांत उघडे पडते. पुट्टीचा थर २-३ मि.मी.च्या वर जात असेल तर ठोकाई नीट झालेली नाही.

ब्रॅकेट, बिजागऱ्या, बॅटरी ट्रे अशा छोट्या लोखंडी भागांचा गंज घरी काढता येतो. प्लास्टिकच्या टबात पाणी, लिटरमागे चहाचा एक चमचा धुण्याचा सोडा. गंजलेला भाग चार्जरच्या निगेटिव्हला, टाकाऊ लोखंडी पट्टी पॉझिटिव्हला, दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. १२ व्होल्टचा चार्जर रात्रभर. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही घेऊ नये, पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे उतरतात. या कामात हायड्रोजन सुटतो, म्हणून टब उघड्यावर ठेवावा आणि जवळ विडी-काडी नको. ॲल्युमिनियमचे भाग आणि स्प्रिंगा यात टाकायच्या नाहीत. ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि स्प्रिंगा ठिसूळ होतात.

पान्यांबद्दलही सांगायला हवे, कारण निम्मे नट इथेच खराब होतात. ॲम्बेसेडर ब्रिटिश घडणीची, तिचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. फियाट मेट्रिक. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मि.मी.; त्याला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटवर जोर लावताच कोपरे गोल होतात. ॲम्बेसेडरसाठी इंची पान्यांचा सेट आधी घ्यावा. अडलेला नट गॅसने लालसर तापवावा, थोडा निवला की मेण लावावे. मेण आट्यांत ओढले जाते. पेट्रोलच्या नळीजवळ हा प्रयोग करू नये.

इंजिन बांधण्याआधी ब्रेक का, असे विचारतात. इंजिन चालू झाले की घरातली मुले गाडी गल्लीत फिरवतातच, आणि या गाड्यांच्या ब्रेकला मास्टर सिलेंडर एकेरी असतो. एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत सिलेंडरच्या आत खड्डे पडतात आणि पिस्टन तिथेच थिजतो. नुसते नवे रबर किट टाकून भागत नाही, खड्ड्यावर रबर घासून महिन्याभरात गळती सुरू होते. सिलेंडर नवा मिळत नसेल तर आत पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह बसवून घ्यावी. रबरी होज तिन्ही बदलाव्यात: बाहेरून धड दिसतात पण आतून फुगून बंद झालेल्या असतात, आणि मग पाय काढला तरी एक चाक धरूनच राहते. धातूच्या नळ्या साध्या तांब्याच्या वापरू नयेत. स्टीलच्या किंवा तांबे-निकेलच्या घ्याव्यात, टोके दुहेरी दुमडलेली हवीत. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळ यावे. ब्रेकमध्ये इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ नये, सगळे रबर फुगते. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, त्यामुळे ड्रममधली धूळ हवेने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके फेकून द्यावे.

इंजिनाच्या बाबतीत खानदेशाला एक मोठा फायदा आहे. ट्रॅक्टर आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनांमुळे बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग करणारे हात अजून तालुक्याच्या गावी आहेत. पुण्या-मुंबईला इंजिन पाठवण्याची गरज नाही. त्या कारागिराला मापे मात्र आपण द्यावीत. ॲम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन: बोअर ७३.०२५ मि.मी., स्ट्रोक ८८.९. फियाटचे १०८९ सीसी: ६८ आणि ७५. ॲम्बेसेडरचे ओव्हरसाइज पिस्टन इंचाच्या हिशेबात, ०.०१० ते ०.०४० पर्यंत येतात. आधी पिस्टन हातात आणावेत आणि ते मोजून मग बोअर करावे. उलट केले आणि पिस्टन मिळालेच नाहीत, तर ब्लॉक वाया जातो.

देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. ॲम्बेसेडरच्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट हेडातच कापलेली असते. शिसे नसल्याने लांब पल्ल्यावर ती हळूहळू आत बसते. हेड उघडलेच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट बसवून घ्यावेत. फियाटचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. ते बिडाच्या ब्लॉकच्या स्टडांना चिकटलेले असते, पाचर ठोकून उचकटले तर त्याचा पृष्ठभाग कायमचा जातो. स्टडांच्या मुळाशी तेल सोडत राहावे, सगळीकडून सारखे आणि थोडे-थोडे उचलावे. आपल्या उन्हाळ्याला २०डब्ल्यू-५० खनिज ऑइल ठीक. पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून ऑइल प्रेशर येईपर्यंत इंजिन फिरवावे. कॅम आणि टॅपेट नवे टाकले असतील तर चालू होताच २० मिनिटे दीड ते दोन हजार आरपीएमवर ठेवावे, आयडलला सोडू नये.

भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा रेडिएटर हा इथल्या गाडीचा खरा प्रश्न आहे. आपल्या बोअरवेलचे पाणी जड, त्याचा पांढरा थर ब्लॉकच्या मागच्या सिलेंडरभोवती साचतो. रेडिएटर नवा टाकला तरी गाडी तापते ती यामुळे. ब्लॉकचे टोपी प्लग काढून तारेने गाळ खरवडून काढावा, उलट्या दिशेने पाणी सोडावे, पुढे आरओचे पाणी आणि कूलंट वापरावे. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत चुकीची आहे.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचे मिळते. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे पॅकिंग त्याने फुगते किंवा चिरते, आणि टाकीतला जुना चिकटा सुटून जेट बंद होतो. नळ्या आणि पडदा वायटॉनचा, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा, घ्यावा, टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावावा. इथेनॉल ओल ओढते. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. मिश्रण थोडे पातळ पडते, म्हणून जेट किंवा सुई थोडी समृद्ध बाजूला लावून प्लगचा रंग बघावा. टाकीला भोक असेल तर रिकामी दिसते म्हणून कोणालाही वेल्डिंग करू देऊ नये. आतली वाफ जीव घेते.

वायरिंग जुने ठेवण्याचा मोह टाळावा. कापडी आणि रबरी आवरण हाताने वाकवले की भुगा होते, त्यात कापसाच्या गोदामाजवळचे उंदीर. पूर्ण हार्नेस नवा करावा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो. जुनी बॅटरी काढण्याआधी हे लिहून ठेवावे. त्या काळचा डायनामो जेमतेम २२ अँपिअर देतो. हेडलाइटला १०० वॅटचे दोन हॅलोजन लावले की तेच १६-१७ अँपिअर खातात, मग रात्री बॅटरी बसते आणि स्विच वितळतो. मूळ वॅटचे बल्ब, रिले आणि बॅटरीजवळ एक मोठा फ्यूज एवढे पुरे.

सुट्या भागांचे गणित गाडीच्या जातीवर आहे. ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, तिचे यांत्रिक भाग मिळतात. पण सुरुवातीच्या गाड्यांत साइड व्हॉल्व्हचे १४७६ सीसी इंजिन होते, त्याचे भाग १४८९ ला चालत नाहीत. फियाटमध्ये पद्मिनी आणि तिच्या आधीची ११०० डी यांचे पुष्कळ भाग एकमेकांना लागतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे तो साठा आता वाढणार नाही. हवे ते आत्ताच घेऊन ठेवावे. डुक्कर फियाटचे, म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या गोल बांध्याच्या फियाटचे, दिवे, बिडिंग (कडेच्या चकचकीत पट्ट्या) आणि काचा सगळ्यांत दुर्मीळ, त्या काढताना घाई नको. चोर बाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचे मल्लिक बाजार इथे जाताना जुना भाग सोबत न्यावा. झिंकच्या ओतीव हँडलांना खड्डे पडले असतील तर नव्या क्रोमने ती क्वचितच सुधारतात. जास्त चांगली जुनी जोडी शोधणे स्वस्त पडते. आणि नवा भाग गाडीवर बसून चालेपर्यंत जुना, तुटलेला का असेना, टाकायचा नाही. लेथवाल्याला नमुना तोच असतो. प्रत्येक जोड खोलण्याआधी फोटो, प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. खोललेली गाडी उभ्या गाडीच्या दुप्पट जागा खाते, ती जागा बंद आणि कुलपाची हवी. अंदाजपत्रकाच्या वर एक तृतीयांश रक्कम हाताशी नसेल तर गाडी खोलायला घेऊ नये.

रंग सगळ्यांत शेवटी. छत, बोनेट, दारे यांवर जोराचे सँडब्लास्टिंग करू नये, माऱ्याने पत्रा लाटा मारतो. तिथे रंग काढण्याचे रसायन वापरावे. ब्लास्टिंग ॲक्सल, चाके आणि पाट्यांना. जुन्या रंगात शिसे असते, कोरडे घासू नये. उघड्या पत्र्याला हात लागला तरी गंज धरतो, त्यामुळे त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. आपल्याकडे रंगाचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये थिनर हवेतच उडते आणि पृष्ठभाग खरखरीत येतो, पावसाळ्यात पांढरट झाक येते. टूके पीयू (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसे कायमची बिघडवते. बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा. मालकाने त्याचे पैसे द्यावेत आणि आग्रहाने द्यावेत.

आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गांना अशी एखादी गाडी वर्षभर मिळाली तर मुलांना पॉइंट, कार्बोरेटर आणि ठोकाई हे तिन्ही हाताळता येईल. जळगाव-धुळ्याच्या संस्थांनी याचा जरूर विचार करावा.

ज्यांना सध्या खर्च जमत नाही त्यांनी गाडी खोलूच नये, ती फक्त थांबवावी. खताची पोती आणि गोठा यांपासून ती दूर करावी, खालची माती पाण्याने धुऊन वाळवावी, ॲक्सलखाली घोडे लावून टायर मोकळे करावेत. पेट्रोल आणि रेडिएटरचे पाणी काढून टाकावे, बॅटरी उतरवावी, प्लगच्या भोकांतून तेल सोडून महिन्यातून एकदा पुली हाताने फिरवावी. सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. वरून प्लास्टिकची ताडपत्री काढून जाड सुती कापड घालावे, ताडपत्रीखाली पाणी सुटते. अशी गाडी आणखी काही वर्षे सहज तग धरते. विकायची झाली तर नंबर आणि आरसीसकट अख्खी विकावी आणि नावावरून उतरवून घ्यावी. भंगारात दिलीच तर कायद्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. ते न केल्यास त्या नंबरची जबाबदारी कागदोपत्री घराण्यावरच राहते.

आपला,
जुन्या गाड्यांचे काम करणारा एक वाचक, जळगाव